काळीतले घर : नेब्रास्काच्या शेतीराज्यात घर घेण्याची शंभर वर्षे

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानले जातात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. मळ्यात किंवा वस्तीवर राहणारी कुटुंबे पूर्वीही होती आणि आता ती वाढली आहेत; पण दख्खनच्या गावाचा मूळ आराखडा असाच, की घर पांढरीत आणि शेत काळीत. कागदही त्याच रेषेवर वेगळे झाले. शेताचा सातबारा तलाठ्याकडे आणि घराची नोंद ग्रामपंचायतीच्या आकारणी वहीत. शेत सावकाराकडे गेले तरी कुणबी संध्याकाळी आपल्या घरी परतत असे. त्याचे घर कधी जातच नव्हते असे नाही. पण शेत जाणे आणि घर जाणे या दोन वेगळ्या घटना होत्या.

ज्या मुलखात ही पांढरी कधी नव्हतीच, घर थेट काळीत उभे राहिले, तिथे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधायला अमेरिकेच्या मध्यावरचे नेब्रास्का हे राज्य फार सोयीचे आहे. मिसुरी नदीच्या पश्चिमेला पसरलेले हे राज्य आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे दोन-तृतीयांश भरते. पण २०२०च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या वीस लाखांच्याही थोडी आतच होती. मका, सोयाबीन आणि गुरे हा तिथला मुख्य व्यवहार. या राज्यात सामान्य माणसाने घर कसे मिळवले आणि कसे गमावले, याचा इतिहास मोठ्या प्रमाणावर कायद्यांत आणि गहाणखतांत लिहिलेला आहे.

युद्धातून निघालेला कायदा

अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. सरकारी जमिनीपैकी १६० एकर कुटुंबप्रमुखाला किंवा एकवीस वर्षांवरील व्यक्तीला जवळजवळ फुकट द्यायची, असा हा कायदा. त्याआधी १८६० मध्ये असेच विधेयक राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले होते. गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांचा त्याला विरोध होता. पश्चिमेकडे लहान स्वतंत्र शेतकरी वसले तर आपले राजकीय वजन घटेल, ही त्यांची भीती. ती राज्ये फुटून निघाली, काँग्रेसमधील त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या आणि कायद्याची वाट मोकळी झाली.

याच यादवी युद्धाचा दुसरा धागा थेट आपल्या अंगणात येतो. दक्षिणेतला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. भरभराटीच्या काळात सैल हाताने मिळालेले कर्ज नंतर फास बनले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक. एकाच युद्धाने नेब्रास्कात शेतकऱ्याला जमीन दिली आणि दख्खनमध्ये त्याची जमीन सावकाराच्या दारात नेण्यास हातभार लावला. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांसमोर पुढे एकच प्रश्न उभा राहिला. कर्ज बुडाले तर घराचे काय?

घर हाच पुरावा

होमस्टेडची जमीन पैशाने नव्हे, तर घराने घ्यायची होती. नोंदणीचे शुल्क सगळे मिळून अठरा डॉलरच्या आसपास. खरी किंमत म्हणजे पाच वर्षांचे वास्तव्य. अर्जदाराने त्या १६० एकरांवर घर बांधायचे, तिथेच राहायचे, जमीन कसायची आणि मुदत भरल्यावर दोन साक्षीदार घेऊन भूमी कार्यालयात ते सिद्ध करायचे. या दाव्यांच्या फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि नेब्रास्कातल्या फायली आता संगणकावरही वाचता येतात. त्या वाचताना आपल्याकडच्या पंचनाम्याची आठवण होते. घराची लांबी-रुंदी, दारे किती, खिडक्या किती, विहीर आहे का, किती एकर नांगरले, कुटुंब किती महिने बाहेर होते आणि का. घर इथे निवारा होते, त्याहून अधिक तो पुरावा होता.

पुरावा म्हटला की खोटा पुरावाही आलाच. चाकांवरची खोली एका दाव्यावरून दुसऱ्या दाव्यावर ओढत नेल्याचे आणि ‘बारा बाय चौदा’चे घर बांधल्याची शपथ घेताना फूट की इंच हे न सांगितल्याचे किस्से त्या काळापासून सांगितले जातात. त्यांतले खरे किती आणि रंगवलेले किती हे सोडून देऊ; कायद्याचा सगळा भार घरावर होता, एवढे त्यांतून कळते.

या अटीमुळे गाव घडले नाही. सरकारने सगळी भूमी एक मैल लांब आणि एक मैल रुंद अशा चौकोनांत आखली होती. त्या चौकोनाचा चौथा भाग म्हणजे १६० एकर. प्रत्येकाने आपल्याच तुकड्यावर राहायचे, म्हणजे शेजारी साधारण अर्धा मैल दूर. युरोपातल्या खेड्यांतून, म्हणजे त्यांच्या पांढरीतून, आलेल्या कुटुंबांना हा एकांत जमिनीच्या कष्टाइतकाच जड गेला. विला कॅथर यांच्या १९१८च्या ‘माय अँटोनिया’ या कादंबरीतले बोहेमियाहून आलेले शिमेर्दा कुटुंब तर फुकटच्या जमिनीवरही येत नाही. आपल्याच भाषेच्या एका माणसाकडून ते टेकडीच्या उतारात खोदलेले बिळासारखे घर आणि जमीन अवाच्या सवा किमतीला विकत घेते आणि पहिल्याच हिवाळ्यात घराचा कर्ता पुरुष जीव देतो. कॅथर स्वतः लहानपणी, १८८३ मध्ये, नेब्रास्काच्या वेबस्टर काउंटीत राहायला आल्या होत्या. ही माणसे त्यांनी जवळून पाहिली होती.

झाडे नसलेल्या माळावर लाकूड कुठले? गवताच्या मुळांनी घट्ट विणलेला मातीचा थर नांगराने कापायचा, त्याच्या हात-दीड हात लांबीच्या ढेपा करायच्या आणि त्या विटांसारख्या रचून भिंती उभ्या करायच्या. नेब्रास्काचे लोक या ढेपांना थट्टेने ‘नेब्रास्काचा संगमरवर’ म्हणत. हे घर उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पाऊस आला की मात्र बाहेर थांबल्यावरही आत छत गळत राही. सॉलोमन बुचर नावाच्या छायाचित्रकाराने १८८६ पासून कस्टर काउंटीत अशा घरांपुढे उभ्या असलेल्या कुटुंबांची छायाचित्रे काढली. त्यांत लोकांनी घरासोबत घोडे, गाय, शिवणयंत्र, क्वचित बाजाची पेटीसुद्धा बाहेर आणून ठेवलेली दिसते. मातीच्या भिंतीपेक्षा या जंगम वस्तूंनीच आपली पत दिसते, हे त्यांना कळत होते.

ही जमीन रिकामी नव्हती

‘सरकारी जमीन’ हा शब्द इथे नीट तपासून घ्यायला हवा. पॉनी, ओमाहा, ओटो, पोंका, लकोटा अशा अनेक लोकांची ही भूमी. पॉनी लोकांची मोठी, गोल, मातीने लिंपलेली घरे पिढ्यान्‌पिढ्या नद्यांकाठी उभी होती आणि घरांभोवती मक्याची शेती होती. म्हणजे या मुलखात पांढरी पूर्वी नांदलेली होती. १८७०च्या दशकात पॉनींना दक्षिणेकडच्या राखीव प्रदेशात जावे लागले. पोंकांची जमीन तर सरकारने १८६८च्या करारात चुकून लकोटांच्या नावे लिहून टाकली होती. १८७७ मध्ये पोंकांनाच सक्तीने हलवण्यात आले. त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर आपल्या मृत मुलाला नायोब्रारा नदीकाठच्या मूळ भूमीत पुरण्यासाठी परत निघाला आणि पकडला गेला. १८७९ मध्ये ओमाहा शहरातल्या न्यायालयात न्यायमूर्ती एल्मर डंडी यांनी निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने इंडियन ही ‘व्यक्ती’ आहे. घरी परत जाण्यासाठी माणसाला आधी आपण माणूस आहोत हे सिद्ध करावे लागले.

कायद्याच्या उजव्या बाजूचीही नोंद करायला हवी. अविवाहित स्त्री किंवा विधवा स्वतःच्या नावे दावा लावू शकत होती, आणि अनेकींनी तो लावला. १९०४च्या किंकेड कायद्याने पश्चिम नेब्रास्कातील वाळूच्या टेकड्यांत ६४० एकरांचे दावे खुले केले, तेव्हा कृष्णवर्णीय कुटुंबांनी चेरी काउंटीत डीविटी नावाची वसाहत उभी केली. गुलामीतून सुटलेल्या माणसांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या नावावर जमिनीचा आणि घराचा कागद होणे ही लहान गोष्ट नव्हती.

फुकट जमीन, विकत घर

जमीन फुकट होती, पण बैल, नांगर, बियाणे, विहीर आणि पुढे लाकडी घर यांसाठी रोकड लागे. शिवाय चांगली, रेल्वेजवळची जमीन फुकट मिळणारी नव्हतीच. ती सरकारने रेल्वे कंपन्यांना आधीच दिली होती. बर्लिंग्टन कंपनी १८७०च्या दशकात आयोवा आणि नेब्रास्कामधली लाखो एकर जमीन दहा वर्षांच्या उधारीवर, सहा टक्के व्याजाने विकण्याच्या जाहिराती करत होती. होमस्टेडवाल्याच्या हाती मालकीपत्र येताच त्यालाही कर्ज मिळू लागले. कारण आता त्याच्याकडे तारण होते. मातीचे घर पाडून लाकडी घर बांधायचे तर जमीन गहाण टाकायची, हा सरळ मार्ग झाला.

त्या काळची शेतीकर्जे साधारण पाच वर्षांची असत. वर्षाला व्याज भरायचे आणि शेवटी सगळे मुद्दल एकदम. पाचव्या वर्षी पीक बुडाले की नवे कर्ज शोधा, नाहीतर जप्ती. १८७४ मध्ये टोळधाड आली, १८९० आणि १८९४ मध्ये दुष्काळ पडला. पश्चिम नेब्रास्कातली कितीतरी कुटुंबे गाडीत सामान भरून पूर्वेकडे परत गेली. जुलै १८९२ मध्ये ओमाहात भरलेल्या पॉप्युलिस्ट पक्षाच्या अधिवेशनामागे हाच राग होता. त्यावर काहीसा इलाज १९१६ मध्ये झाला. संघराज्याच्या शेतीकर्ज कायद्याने बारा भूमी बँका निघाल्या, त्यांतली एक ओमाहात. पाच ते चाळीस वर्षांच्या मुदतीचे, मुद्दल आणि व्याज हप्त्याहप्त्याने फेडायचे कर्ज आता शेतकऱ्याला मिळू लागले. पण ते शेतासाठी; घर त्यात शेताचा एक भाग म्हणून येई.

याच सुमारास घर ही टपालाने मागवण्याची वस्तू झाली. शिकागोच्या सीअर्स, रोबक कंपनीने १९०८ मध्ये घरांचा सूचिग्रंथ काढला. चित्र पाहून घर निवडायचे. कापलेली लाकडे, खिळे, रंग, दारे आणि बांधणीचे पुस्तक रेल्वेच्या वाघिणीतून स्टेशनवर येणार. तिथून घोडागाडीने शेतावर न्यायचे आणि शेजाऱ्यांच्या मदतीने उभे करायचे. १९४० पर्यंत अशी सत्तर हजारांवर घरे विकली गेली असावीत, असा अंदाज दिला जातो. आयोवाच्या डॅव्हनपोर्टची गॉर्डन-व्हॅन टाइन कंपनीही याच धंद्यात होती. सीअर्सने पुढे घरासाठी कर्जही द्यायला सुरुवात केली. महामंदीत हप्ते थकले आणि कंपनीला स्वतःच्याच गिऱ्हाइकांच्या घरांवर जप्ती आणावी लागली. त्यानंतर तिने कर्ज देणे बंद केले.

चिल्लरीचा लिलाव

मंदीच्या काळात मक्याला इतका कमी भाव आला की तो बाजारात नेण्यापेक्षा शेगडीत जाळणे परवडे. जप्तीच्या लिलावांना ऊत आला. तेव्हा आयोवा-नेब्रास्काच्या शेतकऱ्यांनी जो मार्ग काढला तो आपल्या सुप्याच्या शेतकऱ्यांना नक्की समजला असता. लिलावाच्या दिवशी सगळे शेजारी अंगणात गोळा होत. गाईला दहा सेंट, नांगराला पाच सेंट अशी बोली लागे. त्यापुढे कोणी बोलत नसे. बाहेरचा कोणी बोली वाढवू लागला तर त्याच्याभोवती चार धिप्पाड माणसे येऊन उभी राहत. कुठे कुठे कोठाराच्या तुळईला दोराचा फास टांगलेला असे. काही डॉलरांत सगळे विकत घेऊन शेजारी ते मूळ मालकाला परत देत. सुप्यात रोखे जाळले गेले. इथे रोखा कागदोपत्री शाबूत राहिला, त्याची वसुली मात्र हास्यास्पद झाली.

१९३३च्या फेब्रुवारीत हजारो शेतकरी नेब्रास्काची राजधानी लिंकन इथल्या विधानभवनावर चालून गेले आणि त्या वर्षी राज्याने गहाणवसुलीला स्थगिती देणारा कायदा केला. मिनेसोटाने केलेला तसाच कायदा १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला. करार पवित्र असतो हे मान्य. पण असाधारण संकटात राज्य त्याची अंमलबजावणी लांबवू शकते, असा त्याचा अर्थ.

एक कलम इथले, एक तिथले

घर वाचवण्याचे एक जुने हत्यार या सगळ्याआधीपासून होते. १८३९ मध्ये टेक्सासने, ते स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, कायदा केला की ऋणकोचे राहते घर आणि त्याभोवतीची ठरावीक जमीन सावकाराला जप्त करता येणार नाही. ही कल्पना राज्याराज्यांत पसरली. नेब्रास्काच्या कायद्यातही राहते घर आणि त्याभोवतीची १६० एकरांपर्यंतची जमीन, किंवा गावात असल्यास दोन भूखंड, एका ठरावीक किमतीपर्यंत संरक्षित आहेत. विवाहित माणसाला असे घर एकट्याच्या सहीने गहाण ठेवता येत नाही. पती-पत्नी दोघांच्याही सह्या लागतात.

आपल्याकडे दख्खनच्या दंगलीनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता साध्या कर्जापोटी जप्त करता येणार नाही, असे त्यात ठरले. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात तर शेतकऱ्याचे राहते घर आणि त्याला लागून असलेली आवश्यक जागा जप्तीतून वगळलेली आहे. हे कलम आजही लागू आहे. पुढे मजूर आणि घरगडी यांच्या घरांचाही त्यात समावेश झाला. आपल्या गावांत कर्जापोटी होणाऱ्या मानहानीच्या इतक्या कहाण्या ऐकायला मिळतात, पण हे कलम माहीत असलेला शेतकरी क्वचित भेटतो.

दोन्हीकडच्या संरक्षणाला एकच भोक आहे. घर स्वतःहून गहाण ठेवले असेल तर हे कवच गळून पडते. १८७९च्या कायद्यातला अपवाद हाच होता आणि नेब्रास्कातही तेच. फरक पडला तो भूगोलामुळे. दख्खनमध्ये शेताच्या गहाणखतात घर आपोआप येत नाही, कारण ते पांढरीत, वेगळ्या हद्दीत असते. नेब्रास्कात मात्र घर त्याच चौकोनात उभे. शेताच्या कर्जावर सही झाली की स्वयंपाकघरही त्यात गेले.

शेताविना घर

१९४९च्या गृहनिर्माण कायद्याने ग्रामीण घरासाठी सरकारी कर्जाची सोय पहिल्यांदा व्यवस्थित झाली. पण ती फक्त शेतमालकांसाठी होती. शाळेची शिक्षिका, धान्याच्या कोठारावरचा कामगार, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर यांना त्यात जागा नव्हती. १९६१ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि शेत नसलेल्या खेडुतालाही घरासाठी कर्ज मिळू लागले. म्हणजे होमस्टेड कायद्यानंतर नव्याण्णव वर्षांनी सरकारने मान्य केले, की खेड्यात माणसाला शेताशिवायही घर असू शकते. हे कर्ज आजही कृषी खात्यामार्फत मिळते आणि पात्र कुटुंबाला सुरुवातीची रक्कम न भरता घर घेता येते.

शेतासह घर घेतलेल्यांची परीक्षा अजून संपली नव्हती. १९७०च्या दशकात धान्याची निर्यात वाढली, जमिनीचे भाव चढले आणि बँकांनी चढत्या भावावर कर्जे दिली. मग व्याजदर कडाडले, निर्यात आटली. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या वार्षिक पाहणीनुसार तिथे १९८१ मध्ये एकरी २,१४७ डॉलर असलेला सरासरी भाव १९८६ मध्ये ७८७ डॉलरवर आला. ज्यांनी हप्ते चुकवले नव्हते त्यांचेही तारण कर्जापेक्षा लहान झाले. १९८६ मध्ये काँग्रेसने कौटुंबिक शेतीसाठी दिवाळखोरी कायद्यात खास प्रकरण घातले, म्हणजे शेत न सोडता तीन ते पाच वर्षांत देणी फेडण्याची योजना न्यायालयापुढे मांडता येईल. तोवर अनेक अंगणांत लिलाव होऊन गेले होते, आणि या वेळी पाच सेंटची बोली लावायला तितके शेजारी उरले नव्हते.

आज त्या मुलखात घर आणि शेत खरोखर वेगळे होत आहेत, पण उलट्या कारणाने. म्हातारा शेतकरी गेला की वारस जमीन विकतात; ती शेजारचा मोठा शेतकरी घेतो. त्याला घर नको असते. मग घराभोवतीचे तीन-चार एकर तोडून शहरात नोकरी करणाऱ्या कुटुंबाला विकतात, किंवा घर पाडून तिथेही मका पेरतात. नेब्रास्काची निम्म्याहून अधिक प्रजा आता ओमाहा आणि लिंकनच्या परिसरातल्या तीन काउंट्यांत राहते. शेजारच्या कॅन्ससमधल्या मार्केटसारख्या काही गावांनी तर एकविसाव्या शतकात पुन्हा फुकट भूखंड देऊ केले. अट जुनीच होती. घर बांधा आणि राहा.

आपल्याकडे उलट दिशेने प्रवास सुरू आहे. पांढरी दाटली म्हणून, भाऊबंदकीत वाटे पडले म्हणून, रस्त्याची सोय झाली म्हणून माणसे काळीत घरे बांधत आहेत. विहीर जवळ, राखण सोपी, हवा मोकळी; यात गैर काही नाही. पण बँकेचा किंवा सोसायटीचा माणूस गटाचे गहाणखत पुढे करील तेव्हा त्यातली चतुःसीमा वाचून पाहावी. घराखालचे दोन गुंठे त्या चार रेषांच्या आत असतील तर पांढरीने पिढ्यान्‌पिढ्या न बोलता दिलेले संरक्षण आपण सहीनिशी सोडून देत असतो. ते गुंठे कर्जातून वेगळे काढून ठेवता येतात का, हे सहीच्या आधी विचारावे. आणि कागदावर घरातल्या बाईची सही लागत नसली तरी तो तिला वाचून दाखवावा. कारण लिलावाच्या दिवशी चुलीपाशी तीच उभी असते.